पाळी कधी बंद झाली?

निवृत्त नर्स लिहायला बसली की वाचकांना अडलेलं बाळंतपण हवं असतं, तेही शक्यतो जीपमध्ये. माझ्याकडे तशी दोन आहेत. एक मुरबाडहून कल्याणला निघालेल्या जीपमधलं. त्यात बाईच्या आधी ड्रायव्हरच घेरी येऊन पडला होता. दुसरं शेणव्याच्या फाट्यावरचं, भाताच्या पेंढ्यावर झालेलं. दोन्ही पोरं आता मिशा फुटून हिंडताहेत. या गोष्टी मी इतक्यांदा सांगितल्यात की दर वेळी त्यातली मी जराशी जास्त धीराची होत जाते. तेव्हा यंदा त्या राहू द्या. यंदा ज्यात मी कुणालाच वाचवलं नाही ते सांगते. ते सांगायची मला लाज वाटते, आणि न सांगण्याची त्याहून जास्त वाटू लागली आहे.

मी आरोग्यसेविका होते. शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या बाजूच्या एका उपकेंद्रात माझी बरीचशी नोकरी गेली. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, लशींचा डबा, आणि भिंतीवर कुणी न वाचलेली पोस्टरं. डॉक्टर तिथे नसतो. तिथे असते ती सिस्टर, वाडीच्या भाषेत शिस्टर. आसपासच्या पाच-सहा गावांत कोण गरोदर आहे, कुणाला मूल नको आहे, कुणाचं पोर लस टोचताना चावतं, हे सगळं तिला तोंडपाठ असावं लागतं. मी मुरबाडकडची, मजुराची मुलगी. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी माझी. वाडीत गेलं की बाया बाजेवर गोधडी टाकून मला बसवायच्या आणि स्वतः खाली बसायच्या. सुरुवातीला मला त्याचा संकोच वाटे. पुढे सवय झाली, आणि मग गोधडी घातली नाही तर खटकू लागलं. माणूस असा बिघडतो.

हार्मोन हा शब्द मी प्रशिक्षणात पाठ केला होता. संप्रेरकं, त्यांची नावं, त्यांची कामं, सगळं. पुढे तीस वर्षं पाळणा लांबवायच्या गोळ्या पिशवीत घेऊन फिरले. त्याही हार्मोनच्याच. एका बाईने त्या नवऱ्याला न सांगता दुधीच्या वेलाच्या बुडाशी घातल्या आणि मला म्हणाली, "शिस्टर, मला नाय लागू पडल्या, पण वेलाला लय दुधी आले." तिला दिवस गेले होते. मी हसू की रागवू या विचारात तिथेच उभी. सांगायचं हे की ती रसायनं माझ्या लेखी पाळीची, पोटाची, मूल होण्या-न होण्याची होती. कमरेच्या वर त्यांचं काही काम असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

आता चांगुणाचं सांगते.

चांगुणा गावाच्या कडेच्या वाडीतली. शेत नाही. भातकापणी उरकली की नवरा-बायकोची जोडी वीटभट्टीवर जायची, ती पाऊस जवळ आला की परतायची. भट्टीवर काम जोडीचं असतं. माती कालवणं नवऱ्याचं, थापणं बायकोचं, म्हणजे बायको बसली की जोडीच बसली. तिथे आडोसा नाही, पाणी मोजकं. पाळीचे चार दिवस बाई कशी काढत असेल याचा विचार भट्टीवाल्याने करायचं कारण नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही फारसा केला नव्हता. चांगुणाला अंगावरून फार जायचं. ती तेव्हा तेहेतीसच्या आसपास असेल. नक्की सांगता येत नाही, कारण आधार कार्डावर आमची अर्धी वाडी एक जानेवारीला जन्मलेली आहे. तीन मुलं, थोरली मनीषा सातवीत.

"शिस्टर, पिशवी काढूनच टाका ना माझी," ती म्हणाली. "रखमीची काढली, तिला कसलाच तरास नाय."

त्या काळात आमच्याकडे ही एक लाटच होती. एकीने पिशवी काढली की तिच्या शेजारची यायची. मी तिला एखाद्या डॉक्टरकडे दुसरं मत घ्यायला न्यायला हवं होतं. गोळ्यांनी रक्तस्राव थांबतो का हे आधी बघायला हवं होतं. पण पिशवी काढली की बाई माझ्या कुटुंबनियोजनाच्या जोडप्यांच्या यादीतून कायमची बाहेर. तिला गोळ्या पोचवायच्या नाहीत, नसबंदीसाठी तिच्या सासूच्या मिनतवाऱ्या करायच्या नाहीत, वरच्या साहेबांची बोलणी नाहीत. चांगुणा ऑपरेशनला तयार झाली तेव्हा मला आधी हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला आजही जसंच्या तसं आठवतं.

एका खाजगी दवाखान्यात मीच तिला नेलं. नागपंचमीचा दुसरा दिवस होता. तिथल्या डॉक्टरांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, "काढायचंच तर सगळं काढू, पुढे कॅन्सरची भीती नको." कागदावर लिहिलं होतं, गर्भाशय व दोन्ही बीजकोष. मी वाचलं. मला फरक माहीत होता. गर्भाशय म्हणजे मूल राहतं ती पिशवी. बीजकोष म्हणजे तिच्या दोन बाजूंचे बदामाएवढे गोळे, जिथे बीज तयार होतं आणि जिथून हार्मोन अंगभर जातं. पिशवी गेली तरी बीजकोष शाबूत असतील तर बाईच्या शरीराला ते मिळत राहतं. बीजकोष गेले की एका दिवसात बंद. वाडीत पिशवीला शब्द होता, बीजकोषाला नव्हता. समजावायला पाच मिनिटं लागली असती. मी चांगुणाला म्हटलं, "पिशवी काढणार म्हणून लिहिलंय, कर अंगठा." तिने केला, आणि शाईचं बोट पदराला पुसलं.

डॉक्टरांनी घरी सोडताना एक गोळी लिहून दिली होती, रोज एक, पन्नाशीपर्यंत. त्यांच्याकडे निदान एवढं तरी होतं. बीजकोष जे देत होते ते गोळीतून द्यायचं, असा त्याचा हिशेब. ती गोळी उपकेंद्रात येत नसे. चांगुणाने महिन्याच्या महिन्याला माझ्याकडे यायचं, आणि मी वाशिंदला मीटिंगला गेले की तिथल्या मेडिकलमधून आणायची, असं ठरलं. तीन-चार महिने आणली. मग पोलिओची मोहीम आली, पायांचे तुकडे पडलेले, आणि त्यात भट्टीवर निघायच्या आधी चांगुणा दारात. "शिस्टर, गोळ्या संपल्या. भट्टीवर सहा महिन्यांच्या देता का? अजून किती दिस खायाच्या?"

"बंद कर आता," मी म्हटलं. "ऑपरेशन झालं ना? मग गोळ्या कशाला? उगाच सवय लागते."

तिने एका शब्दाने विचारलं नाही. शिस्टर सांगते म्हणजे बरोबरच.

भट्टीवरून आल्यावर ती मला तीन वेळा भेटली. अंगातून वाफा निघतात, झोप लागत नाही, काही सुचत नाही, आणि रडू येतं. "आंगातच भट्टी लागलीय शिस्टर." मी तिला कॅल्शियमची पाकिटं दिली, बी-कॉम्प्लेक्स दिलं, आणि सांगितलं, "होतं असं. वयाचं आहे." तेहेतीस वर्षांच्या बाईला मी सांगितलं, वयाचं आहे.

मग ती यायची थांबली. मला वाटलं, बरी झाली.

निवृत्त झाल्यावर मी वाशिंदला नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट घेतला. दोन वर्षांपूर्वी बाजारात एकीने हाक मारली, "शिस्टर!" ती मनीषा होती. इथल्या कारखान्यात पॅकिंगला आहे, चाळीत राहते. वडील गेले. धाकटी दोघं आपापल्या संसारात. आई तिच्याकडे. "आईचं डोकं जाग्यावर नाय शिस्टर," ती म्हणाली. "एकदा बघा की."

मी गेले. चांगुणा पंचावन्नच्या आतबाहेरची, अंगाने अजून काटक. ती पहाटेच पदर खोचून चाळीच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, "टेम्पो आला का?" भट्टीवर नेणारा टेम्पो. आमटीत मीठ दोनदा. भाकरी तव्यावर टाकून निघून जायची. नातवाला मनीषाच्या नावाने हाक मारायची. माझ्याकडे बघून हसली, बसायला गोधडी घातली, आणि मनीषाला हळूच विचारलं, "ह्या बाई कोन गो?"

गोधडीची सवय राहिली होती, मी नव्हते.

या वयात असं होत नाही, तपासायला हवं, एवढं मला कळत होतं. माझ्या ओळखीने आम्ही तिघी कल्याणपलीकडच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे विस्मरणाच्या पेशंटसाठी आठवड्यातून एक दिवस असतो, गुरुवार. डॉक्टर तरुण होती, समजूतदार. चांगुणाला लिहिता-वाचता येत नाही म्हटल्यावर तिने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आजी, तीन गोष्टी लक्षात ठेवा. सूप, आंबा, बैल. मी परत विचारीन." मग महिना विचारला. चांगुणा म्हणाली, "भात कापला का? मग सांगतं." जरा वेळाने त्या तीन गोष्टी विचारल्या, तेव्हा ती पदराचं टोक चाचपत बसून राहिली.

मग डॉक्टरने डोळे केसपेपरवर ठेवूनच सहज विचारलं, "पाळी कधी बंद झाली यांची?"

मनीषाने माझ्याकडे पाहिलं. "ते शिस्टरना माहीत."

स्मृतीच्या दवाखान्यात, चांगुणाच्या शेजारच्या खुर्चीत बसून मी म्हणाले, "नाही बाई आठवत. फार वर्षं झाली."

डॉक्टरने लिहिलं, माहिती उपलब्ध नाही.

मला नागपंचमीचा दुसरा दिवस आठवत होता. शाईचं बोट आठवत होतं. या प्रश्नामागे काय आहे हे मला पक्कं ठाऊक नव्हतं, पण आपलं काहीतरी उघडं पडतंय हे अंगाला कळतं, तसं कळलं.

रक्ताच्या तपासण्या सांगितल्या होत्या. थायरॉइड कमी असेल तरी माणूस असा विसरभोळा होतो आणि औषधाने पुष्कळदा सुधारतो, असं डॉक्टर म्हणाली होती. थायरॉइड म्हणजे पुन्हा हार्मोनच, पण त्यात माझा हात नव्हता. रिपोर्ट येईपर्यंतचे पाच दिवस मी एकच घोकत होते, थायरॉइड निघू दे. दुसऱ्याला आजार लागावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला विनवलं, तेही स्वतःच्या सुटकेसाठी. थायरॉइड व्यवस्थित निघालं. बी-बारा जरा कमी होतं, त्याची इंजेक्शनं झाली, काही फरक पडला नाही. मेंदूचा फोटो काढला, पुन्हा प्रश्नोत्तरं झाली आणि निदान झालं, अल्झायमर.

त्या दिवशी स्टँडवर जीप भरायची वाट बघत होतो, तेव्हा मनीषाने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. "शिस्टर, मला पन अंगावरून लय जातं. डॉक्टर बोलला, पिशवी काढा. पुढच्या सोमवारी बोलावलंय. तुमी बघा ना जरा. आई कायम बोलायची, काय बी झालं तर शिस्टरला विचार."

कागद वेगळ्याच दवाखान्याचा होता. त्यावर लिहिलं होतं, गर्भाशय व दोन्ही बीजकोष. मनीषाचं वय छत्तीस.

मी म्हटलं, "बघू," आणि कागद परत दिला. शेजारी चांगुणा बसली होती, तिने माझ्या पदरावरची धूळ झटकली.

दोन दिवस मी घरात येरझाऱ्या घातल्या. मनीषाला नुसतं "बीजकोष काढू नको" सांगून मोकळं होता आलं असतं. पण ती विचारणार, का? आणि त्या का-चं उत्तर तिच्या आईपाशी जाऊन पोचतं. सांगितलं नाही तर सोमवार येणार. सांगितलं तर जन्मभर कमावलेलं "शिस्टरला विचार" त्या चाळीत संपणार. मी दोन दिवस विचार करत होते हीच खरं तर लाजेची गोष्ट. मुलीची प्रकृती एका बाजूला आणि माझी गोधडी दुसऱ्या बाजूला, आणि मला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. चांगुणा सुपात तांदूळ निवडत होती, निवडलेले पुन्हा निवडत होती. मनीषाची सुट्टी होती. मी खाली फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. कागदावर काय होतं आणि मी काय वाचून दाखवलं. गोळ्या का बंद केल्या, तर मला वाशिंदला जायचा कंटाळा आला होता. डॉक्टरसमोर खोटं बोलले तेही सांगितलं.

मनीषा ऐकत होती. मग म्हणाली, "शिस्टर, मी होते ना संगती. तीन वेळा आलतो आमी तुमच्याकडं. तुमी बोललात, वयाचं हाय. मी तवा मनात बोलले, माझी आय तर अजून म्हातारी नाय."

मी सुपाबाहेर सांडलेले तांदूळ वेचू लागले.

"डॉक्टरनी विचारलं तवा मी तुमच्याकडं पायलं," ती म्हणाली. "तुमी बोललात आठवत नाय. मला वाटलं, शिस्टरना पन आईसारखंच झालं की काय. घरी येऊन रडले मी तुमच्यासाठी."

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती उठली, आईच्या हातातलं सूप हळूच काढून घेतलं आणि म्हणाली, "गुरुवारी चला. सोमवार मी कॅन्सल करते. तिथं तुमीच बोलायचं, मी नाय बोलनार."

गुरुवारी गेलो. डॉक्टरपुढे मी तारखेसकट सांगितलं. तिने आधीची ओळ खोडली आणि नवीन लिहिली. ती रागावली नाही, त्याने अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते, कारण हे वाचणाऱ्या घरांतही अशा बाया असतील.

बीजकोषातून येणारं ईस्ट्रोजेन मेंदूपर्यंत जातं. तिथल्या पेशींना, रक्तवाहिन्यांना त्याचा आधार असतो असं दिसतं. नेहमीच्या वयाच्या बऱ्याच आधी बीजकोष काढले आणि त्या वयापर्यंत गोळ्यांनी भरपाई केली नाही, तर अशा बायकांत पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढत असावा. अल्झायमर बायकांना जास्त का होतो, यामागेही पाळी जाताना होणारा हार्मोनचा बदल काही अंशी असू शकेल. पण हे सगळं "असावं" आणि "असू शकेल". आनुवंशिकता आहे, रक्तदाब आहे, शिक्षण न मिळणं आहे, राबणं आहे. "चांगुणाबाईंना त्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाली, "आणि त्यामुळे झालं नाही, असंही नाही."

मी विचारलं, "आता त्या गोळ्या सुरू केल्या तर?"

"आता नाही. वेळ गेली. इतक्या उशिरा दिल्या तर उलट अपाय व्हायचा."

त्या "असावं"मध्ये मला लपायला पुष्कळ जागा आहे. घरचे, जुन्या सहकारी सिस्टर, सगळे मला तिथेच बसवायला बघतात. तुझ्यामुळे कशावरून, म्हणतात. असेलही तसं. आजाराचं खापर माझ्यावर फुटो न फुटो, ज्या बाईला काही सुचत नव्हतं, झोप नव्हती, तिला मी "वयाचं आहे" म्हणून वाटेला लावलं, यात कुठेच "असावं" नाही.

मनीषाला त्याच दवाखान्यात बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. सोनोग्राफीत पिशवीत लहानशी गाठ निघाली. औषधाने बघू, म्हणाल्या, आणि पुढे पिशवी काढायची वेळ आलीच तरी या वयात चांगले बीजकोष काढायचं कारण नाही. मनीषाने केसपेपर माझ्या हातात दिला. "मोठ्यानं वाचा," म्हणाली. व्हरांड्यात उभं राहून मी ओळ न् ओळ वाचली. जिथे शब्द अवघड होता तिथे ती थांबवून अर्थ विचारत होती, आणि मी सांगत होते. पाच मिनिटं लागली.

ती औषधांच्या रांगेत गेली तेव्हा बाकावर चांगुणा आणि मी दोघीच उरलो. चांगुणाने माझ्याकडे निरखून पाहिलं. माझे डोळे ओले असावेत, कारण तिने पदराने माझा गाल पुसला.

"बाई, कोन आजारी हाय तुमचं?"

मी तिचा हात धरला.

"घाबरू नका," ती माझ्याकडे सरकून म्हणाली. "आमच्या शेणव्याला एक शिस्टर हाय. तिला जाऊन इचारा. लय चांगली बाई. ती सांगल तसं करा, मंग काय भ्याव नाय. वळखता का तिला?"

"हो," मी म्हटलं. "ओळखते."